टाके वाळतात, गायही वाळते

गायीच्या पोटाचे ऑपरेशन संपले, शेवटचा टाका पडला आणि हात धुवायला बादली पुढे आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'डॉक्टर, दूध कधी देईल?' गाय जगेल का, हा प्रश्नही त्यातच दडलेला असतो. पण तो सहसा कुणी तोंडाने विचारीत नाही. ज्याच्या दावणीला दोनच दुभत्या गायी आहेत आणि त्यातली एक कुशीत वीतभर चीर घेऊन उभी आहे, त्याच्या लेखी या दोन प्रश्नांत फारसे अंतरही नसते. डेअरीचा दहा दिवसांचा पगार, पतसंस्थेचा हप्ता, मुलीची कॉलेजची फी, सगळे त्या चार सडांतूनच यायचे असते.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्याच्या संगमनेर-अकोले भागात तीस वर्षे जनावरांची डॉक्टरकी केल्यावर या प्रश्नाचे माझे उत्तर ठरून गेले आहे. 'दुधाचे पंधरा दिवसांनी बोलू. आज ती किती खाते ते मला उद्या सकाळी सांगा.' ऐकणाऱ्याला हे टाळाटाळीचे वाटते. ते तसे का नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

गायीच्या पोटावर आमच्या भागात दोन प्रकारची ऑपरेशने होतात. पहिले जुने. गायीला चावून, निवडून खाण्याची सवय नाही. जिभेने वेटोळे घालून ती घास आत ओढते आणि रवंथाच्या वेळी सावकाश चावते. त्यामुळे वैरणीतून तार, खिळा, सुई आणि आता मुख्यतः प्लास्टिकच्या पिशव्या थेट पोटात जातात. मग कुशीतून कोठीपोट उघडायचे आणि हात खांद्यापर्यंत आत घालून सगळे बाहेर काढायचे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. गावाच्या उकिरड्यावर चरणाऱ्या गायीच्या पोटात मात्र ती अजून पोचलेली नाही.

दुसरे ऑपरेशन माझ्या विद्यार्थिदशेत आम्ही पुस्तकात जास्त आणि गोठ्यात कमी पाहिले होते. गायीला चार पोटे असतात, किंवा एकाच पोटाचे चार कप्पे म्हणा. कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटचे चौथे, ज्याला खरे पोट म्हणतात; कारण माणसाच्या जठरासारखे आम्ल त्यातच सुटते. हे चौथे पोट खाली, बेंबीच्या उजव्या बाजूला असते. गाय व्याली की वासराने अडवलेली जागा एकदम मोकळी होते. कोठीपोट पुरेसे भरलेले नसले, चौथ्या पोटाची हालचाल मंदावली आणि त्यात वायू धरला, तर ते फुग्यासारखे वर तरंगते आणि बहुधा कोठीपोटाखालून सरकून डाव्या बरगड्यांमागे जाऊन बसते. तिथे स्टेथोस्कोप ठेवून बोटाने टिचकी मारली की रिकाम्या पत्र्याच्या पिंपावर मारल्यासारखा 'टण्ण' आवाज येतो. एकदा ऐकलेला हा आवाज डॉक्टर विसरत नाही.

पोट सरकण्याची बहुतेक प्रकरणे व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात घडतात, आणि ती प्रामुख्याने जास्त दूध देणाऱ्या होल्स्टीन रक्ताच्या गायींत. खिलार किंवा डांगी गायीत हा आजार मी पाहिलेला नाही. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफची स्थापना केली, पुढे गोठवलेल्या रेतमात्रा खेडोपाडी पोचल्या, १९७० पासून दूध महापूर योजना आली, आणि आमच्या दुष्काळी तालुक्यांत काळ्या-पांढऱ्या गायी उभ्या राहिल्या. या गायींनी घरे उभी केली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याबद्दल मला काही उणे बोलायचे नाही. मात्र गायीबरोबर तिचे आजारही आले, आणि ते जिरवायला लागणारी वैरण, सावली नि पाणी यांची सोय प्रत्येक गोठ्यात तितक्याच वेगाने झाली नाही.

ऑपरेशनची गोष्ट खरे तर छोटी आहे. गाय उभीच असते. कुशीचा भाग भूल देऊन बधिर करतात, कातडी आणि स्नायू उघडतात, आत हात घालून कोठीपोटाला वळसा घालून चौथे पोट चाचपतात, लांब नळी लावलेल्या सुईने वायू सोडतात, पोट ओढून जागेवर आणतात आणि त्याला लागून असलेला चरबीचा पडदा पोटाच्या भिंतीला टाक्यांनी बांधून टाकतात. जर्मनीत हॅनोव्हरच्या पशुवैद्यकांनी १९६० च्या दशकात बसवलेली ही पद्धत आजही चालते. पुढे गायीला उताणे पाडून बाहेरूनच पोट टोचून बांधण्याची युक्ती निघाली, १९९८ साली दुर्बिणीतून करण्याची पद्धतही आली. सरावाचा हात असेल तर तासाभरात काम होते. बघायला गाव जमते, मोबाइलवर चित्रण होते, डॉक्टरची वाहवा होते.

आणि मग पाचव्या-सातव्या दिवशी फोन येतो. टाके उत्तम आहेत, पू नाही, ताप नाही. गाय मात्र खात नाही, डोळे खोल गेले आहेत.

याचे कारण समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या शहरी वाचकांना तो माझ्या शेतकऱ्यांपेक्षा लवकर कळेल. गायीच्या रक्तात साखर आपल्यापेक्षा बरीच कमी असते; १०० मिलिलिटरला साधारण ४५ ते ७५ मिलिग्रॅम. माणूस ज्या आकड्याला घाम फुटून खाली बसेल, त्या आकड्यावर गाय निवांत रवंथ करते. शिवाय ही साखर तिला चाऱ्यातून आयती मिळत नाही. चाऱ्यातली साखर आणि पिष्ट कोठीपोटातले कोट्यवधी जिवाणूच खाऊन टाकतात आणि त्या बदल्यात गायीला काही आम्ले देतात. त्यातल्या प्रोपिऑनिक आम्लापासून तिचे यकृत साखर बनवते. म्हणजे गायीच्या घरात साखरेचा डबा नाही. लागेल तेवढी साखर रोजच्या रोज यकृताच्या चुलीवर करायची.

आता खर्च पाहा. एक लिटर दूध तयार व्हायला सुमारे ७२ ग्रॅम ग्लुकोज लागते. वीस लिटरच्या गायीला नुसत्या दुधापायी दिवसाला जवळजवळ दीड किलो. कासेची गंमत अशी, की तिला साखर उचलायला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. व्याल्यानंतर गायीचे शरीर आपले इन्सुलिन खाली आणते, स्नायूंची साखर तोडते आणि कासेला वाट मोकळी करून देते. वासरू जगावे म्हणून निसर्गाने केलेली ही व्यवस्था आहे. दोन-तीन लिटर दुधाच्या गायीला ती पेलते. वीस लिटरच्या गायीला ती पेलायची तर पोट गच्च भरून चारा हवा. आणि नेमक्या याच दिवसांत तिची भूक कमी असते.

तूट भरायला ती अंगावरची चरबी काढते. चरबी यकृतात येते. तिथे ती नीट जळायलाही जोर लागतो आणि बाहेर पाठवायला वाहनेही लागतात. या दुसऱ्या कामात गाय, शेळी ही रवंथ करणारी जनावरे मुळातच कच्ची आहेत. मग अर्धवट जळालेल्या चरबीतून कीटोन बनतात आणि उरलेली चरबी यकृतातच साचते. कीटोन वाढण्याला आपल्याकडे कितनबाधा म्हणतात. गाय आधी आंबोण सोडते, मग मुरघास सोडते, कडबा मात्र चघळत राहते. तिच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. सगळ्यांच्या नाकाला तो येत नाही. माझ्या नाकाला येतो, माझ्या सहकाऱ्याच्या येत नाही आणि त्यावरून आमचे नेहमी वाद होतात.

चौथे पोट सरकलेली गाय ऑपरेशनच्या आधीच या अवस्थेत असते. पोट सरकल्यामुळे खाणे तुटते, खाणे तुटल्यामुळे कीटोन वाढतात, आणि कीटोन वाढलेल्या गायीचे पोट सरकण्याचा धोका मुळात जास्त. सुरीने या साखळीतला एकच दुवा तुटतो. पोट जागेवर येते. रिकामी कोठी, चरबीने भरलेले यकृत आणि दूध मागणारी कास तशीच राहते. त्यात ऑपरेशनच्या दुखण्याची भर. दुखणाऱ्या जनावराची भूक आणखी मरते, म्हणून वेदनाशामक द्यावेच लागते. पूर्वी सर्रास डायक्लोफिनॅक टोचले जाई. त्याने मेलेल्या जनावरांवर जगणारी गिधाडे संपली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आता मेलॉक्झिकॅम वापरतात. ते गिधाडांना बाधत नाही.

दुसरी तूट कॅल्शियमची. लिटरभर दुधातून सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातो, चिकात त्याहून जास्त. आणि गायीच्या सगळ्या रक्तद्रवात मिळून तो एका वेळी जेमतेम तीन ग्रॅम असतो. हाडांतून नवा पुरवठा सुरू व्हायला वेळ लागतो. कॅल्शियम फार खाली गेला की गाय दुग्धज्वराने बसते, हे प्रत्येक गोपालकाला ठाऊक असते. थोडाच खाली गेला तर ती उभीच राहते, फक्त तिच्या पोटाचे स्नायू सुस्तावतात. न हलणाऱ्या पोटात वायू धरतो. ऑपरेशननंतर ही सुस्ती राहिली, तर टाक्यांनी बांधलेले पोट जागेवर असूनही पुढे काही ढकलत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यापायी घरगुती उपाय हमखास उलटतो. चौथ्या पोटात सुटलेले आम्ल पुढे आतड्यात जाऊन पुन्हा रक्तात यायला हवे. पोट सरकले की ते तिथेच अडकते. रक्तातले क्लोराइड उतरते आणि रक्त आम्लाच्या उलट बाजूला, क्षाराकडे झुकते. चारा बंद असल्याने पोटॅशियमही उतरते, कारण गायीला ते रोज चाऱ्यातूनच मिळते. अशा गायीचे पोट फुगलेले दिसले की घरातले कुणीतरी खाण्याचा सोडा पाजते. आंबोण जास्त खाऊन झालेल्या अपचनात सोडा उपयोगी आहे. इथे तो आधीच क्षारी झालेल्या रक्तात आणखी क्षार ओततो. या गायीला साध्या मिठाचे सलाइन हवे असते आणि पोटॅशियम तोंडाने. ते शिरेतून भराभर दिले तर हृदय थांबू शकते.

गुळाचेही तसेच. 'अशक्त झालीय, किलोभर गूळ घातला', हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! गूळ कोठीत पडतो आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात. रक्तात साखर म्हणून त्यातले काहीच पोचत नाही, उलट रिकाम्या कोठीत एकदम गोड पडल्याने आंबटपणा वाढतो. तूप किंवा तेल पाजणे तर चरबीने घुसमटलेल्या यकृतावर आणखी चरबी लादणे. या बाबतीत उपयोगी पडते ते प्रोपिलीन ग्लायकॉल नावाचे गोडसर, बुळबुळीत द्रव्य. त्यातला बराच भाग जिवाणूंच्या तावडीतून सुटतो आणि यकृत त्याची साखर करते. दिवसाला ३०० मिलिलिटर, तीन ते पाच दिवस, घोट गिळला जातोय हे पाहत सावकाश. ही आता जगभर रुळलेली रीत आहे.

मग सलाइनच्या बाटलीचे काय, असे कुणी विचारील. बाटलीवर आमच्या लोकांची श्रद्धा फार. पन्नास टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत २५० ग्रॅम साखर असते. वर दिलेल्या दराने ती साडेतीन लिटर दुधाची झाली. वीस लिटरच्या गायीला चार तासांची शिदोरी, त्यातही काही भाग लघवीवाटे निघून जातो. बाटलीने गाय तासाभरात टवटवीत दिसते, मालकाला समाधान वाटते, डॉक्टरचे पैसे वसूल झाल्यासारखे होतात. मी बाटली लावतो, नाही असे नाही. पण गव्हाणीत काय पडले आहे हे न पाहता जो बाटली लावून जातो, त्याने गायीला चार तास दिले, एवढेच.

एका गोठ्यातली गोष्ट सांगतो. गाय मोठी, देखणी, चौथ्या वेताची. गाभण राहायला उशीर झाल्यामुळे ती पाच-सहा महिने भाकड होती आणि त्या काळात घरच्यांनी तिला दुभत्या गायीसारखेच आंबोण घातले होते. पाठीचे मणके बोटांना लागत नव्हते, शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाद्या होत्या. व्याल्यावर चौथ्या दिवशी खाणे सुटले. सोडा झाला, तूप झाले, बाटल्या झाल्या. मला बोलावले तेव्हा बारा दिवस उलटले होते. ऑपरेशन सरळ झाले, पोट हाताला सहज आले. पण गायीने त्यानंतर चाऱ्याला तोंड लावल्यासारखे केले, एवढेच. नवव्या दिवशी ती गेली. मालकाच्या मुलाच्या संमतीने मी पोट उघडून पाहिले. बांधलेला पडदा घट्ट बसला होता, चौथे पोट जागेवर होते. यकृत मात्र पिवळे, फुगलेले, कडा गोल झालेल्या. त्याचा एक तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाकला. निरोगी यकृत बुडते; हा तुकडा तरंगत राहिला. मुलगा पाहत होता. म्हणाला, 'डॉक्टर, टाके तर वाळले होते की.'

टाके वाळले होते, गायही वाळली होती. यावर त्याला सांगण्यासारखे माझ्याकडे बादलीत होते तेवढेच होते.

परदेशी पुस्तके वाचताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. तिथे ऑपरेशनच्या यशाचे मोजमाप बहुधा 'गाय ६० दिवसांनी कळपात होती का' यावर करतात. नसेल तर ती कत्तलखान्याकडे गेली, तिचे मांसाचे पैसे आले, हिशेब मिटला. आपल्याकडे गोवधबंदीचा कायदा १९७६ चा आहे, २०१५ साली तो बैल आणि वळूंनाही लागू झाला. त्यावर मते काहीही असोत; व्यवहार असा, की ऑपरेशननंतर सुधारली नाही तर ती गाय मालकाच्या दावणीलाच उभी राहते, खाते आणि दूध देत नाही. म्हणून ऑपरेशननंतरचे पंधरा दिवस अमेरिकेतल्या शेतकऱ्यापेक्षा अकोल्याच्या शेतकऱ्याला जास्त महागाचे आहेत. आणि त्यांच्याबद्दल लिहिलेले मात्र कमी.

याच पुस्तकी जगातली एक गोष्ट मला फार उद्बोधक वाटली. कीटोन जितके जास्त तितकी गाय वाईट, असा आमचा सरळ समज. पण २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑपरेशनच्या वेळी ज्यांच्या रक्तात कीटोन कमी होते, त्याच गायी नंतर कळपातून जास्त प्रमाणात बाहेर गेल्या. मला यातून उमगते ते असे: ज्या गायीचे यकृत अजून चरबी जाळून कीटोन बनवू शकते, तिच्यात धुगधुगी आहे आणि दुधाची ओढही आहे. जिचे कीटोनही वाढत नाहीत आणि खाणेही नाही, तिचे दुखणे आणखी कुठे तरी, गर्भाशयात, कासेत किंवा यकृतातच, खोल गेलेले असू शकते. तेव्हा एका आकड्यावर गाय जोखू नये. रोजचा आकडा कुठे चालला आहे ते पाहावे.

हा आकडा पाहणे आता सोपे झाले आहे. मधुमेही माणसांसाठी निघालेल्या यंत्रांपैकी कीटोन मोजणारे यंत्र गायीलाही चालते. शेपटीच्या शिरेतून थेंबभर रक्त, एक पट्टी, दहा सेकंद. १.२ च्या वर गेला की लक्ष ठेवायचे, ३ च्या आसपास असला की आजार उघड. पट्टी स्वस्त नाही, तरी एका डेक्स्ट्रोजच्या फेरीपेक्षा स्वस्त पडते.

दोन वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या एका वस्तीवर चांदणी नावाच्या गायीचे असेच ऑपरेशन केले. घरची सगळी दगदग एकट्या बाईवर. नवरा मुंबईला गाडीवर. गाय व्यायला नऊ दिवस झालेले, वार अडकलेली होती, २२ लिटरवरून दूध सातवर आलेले. कीटोन ३.४. ऑपरेशन गोठ्यातच झाले. दुसऱ्या दिवशी आकडा २.६ आला. चौथ्या दिवशी बाई फोनवर आनंदात होत्या. 'डॉक्टर, अकरा लिटर दिलं आज!' मी विचारले, 'ताई, खाल्लं किती?' 'खायाचं तसंच हाय, कडबा चघळती जरा.'

ही बातमी चांगली नव्हती. दूध भुकेच्या आधी वाढले, की वाढलेला प्रत्येक लिटर अंगातून जातो. जाऊन पाहिले तर आकडा पुन्हा ३.१. त्या दिवसापासून आम्ही चार गोष्टी केल्या. ग्लायकॉल सुरू ठेवले. कॅल्शियम तोंडाने दिला. धार काही दिवस एकच वेळ काढायची ठरली. कासेला सूज किंवा गाठ येत नाही ना हे रोज चाचपून. दुधावर पाणी सोडायला कुणाचा जीव धजत नाही, पण बाई म्हणाल्या, 'तसंबी औषधाचं दूध डेअरीला घालायचं न्हाईच ना.' हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. प्रतिजैविक दिलेल्या गायीचे दूध ठरावीक दिवस वेगळे ठेवायचे असते, ही गोष्ट शिकलेल्या गोठामालकांना समजावताना माझा घसा बसतो.

चौथी गोष्ट रवंथाची. चार-आठ दिवस उपाशी राहिलेल्या कोठीतले जिवाणू मरतात. चारा घातला तरी तो पचवायला कुणी नसते. शेजारच्या निरोगी गायीच्या कोठीतून नळीने पाच-सहा लिटर पाणी काढले, गाळले आणि कोमट असतानाच चांदणीला पाजले. हे पाहून बाईंच्या सासूबाई हसल्या. त्यांच्या माहेरी म्हणे, रवंथ बंद झालेल्या बैलाला दुसऱ्याच्या तोंडातला रवंथाचा गोळा काढून चारत. आम्हाला कॉलेजात जे मोठ्या नावाने शिकवले, ते म्हातारीला मोफत ठाऊक होते. तार-प्लास्टिकच्या ऑपरेशननंतर तर हे पाणी फारच मोलाचे. त्यात आम्ही जिवाणूंसकट कोठी उपसून काढलेली असते, आणि गाय बहुधा ताजी व्यालेली नसते. तिथे यकृतापेक्षा कोठीचे बिऱ्हाड पुन्हा थाटणे हेच मुख्य काम असते.

चाऱ्याचा क्रमही उलटा लावावा लागतो. घरच्यांना वाटते अशक्त गायीला भरडा, सरकी पेंड, लापशी द्यावी. मी आधी लांब, कोरडा, चघळायला लावणारा चारा मागतो. चांगला कडबा, सुके गवत, मेथीघास थोडा. चघळले की लाळ सुटते, कोठीला थर बसतो, भरलेली कोठी चौथ्या पोटाला जागेवर धरते. आंबोण मुठीने सुरू करून रोज थोडे वाढवायचे. एकदम घातले की कोठी आंबते, वायू धरतो आणि टाक्यांवर ताण येतो. आणि पाणी! व्याल्यावर आणि ऑपरेशननंतर गाय कोमट पाणी बादल्यांनी पिते. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरचे, मोजून मापून. कितीतरी गायी औषधावाचून राहिल्या नाहीत, पाण्यावाचून राहिल्या.

बाईंनी दाराच्या चौकटीवर खडूने रेघा मारायला सुरुवात केली होती. एक रेघ म्हणजे एक पेंढी कडबा. मी त्यांना आणखी एक काम दिले: गाय बसून रवंथ करीत असताना एका घासाला किती वेळा चावते ते मोजायचे. पन्नासच्या पुढे गेली तर ठीक. सातव्या दिवशी आकडा १.६, चावणे ४०-४५. दहाव्या दिवशी तिने आपण होऊन आंबोणाची पाटी चाटली. पंधराव्या दिवशी कीटोन ०.८, दूध दोन वेळचे मिळून १६ लिटर, आणि चौकटीवर रेघांची दाटी. त्या वेतात ती पुन्हा २२ वर गेली नाही. अठरावर थांबली.

मला विचाराल तर या सगळ्यातला मोठा भाग ऑपरेशनच्या आधीच, भाकड काळात ठरतो. व्यायच्या आधीचे साठ दिवस गाय दूध देत नाही, म्हणून तिच्याकडे दोन टोकांनी दुर्लक्ष होते. कुठे तिला नुसत्या वाळल्या काडीवर ठेवतात, कुठे दुभत्या गायींच्या पंगतीत बसवून लठ्ठ करतात. हवे असते ते मधले. बरगड्या मोजता येऊ नयेत, पण हात दाबला तर लागाव्यात. शेवटच्या तीन आठवड्यांत आंबोण हळूहळू सुरू करून कोठीतल्या जिवाणूंना पुढच्या चाऱ्याची ओळख करून द्यायची. चुन्याच्या भुकटीचा, कॅल्शियमच्या बाटल्यांचा मारा त्या काळात करायचा नाही. केला तर हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची सवय झोपी जाते आणि व्याल्यावर ती ऐन वेळी जागी होत नाही. यासाठी डॉक्टर लागत नाही, सुरी लागत नाही. म्हणूनच बहुधा यावर कुणी चित्रण करीत नाही.

यंदा पोळ्याच्या आधी चांदणी पुन्हा व्याली. कालवड झाली, वार पाच तासांत पडली. बाईंनी आता स्वतःचे यंत्र घेतले आहे. वस्तीवरल्या चार घरांत मिळून एक, पट्ट्या ज्याच्या त्याने आणायच्या. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला, आकडा १.१. औषध देऊ का, म्हणून विचारीत होत्या. गाय काय खातेय म्हणून मी विचारले, तर पलीकडून आधी आवाज आला तो गव्हाणीत तोंड घालून ओढल्या जाणाऱ्या कडब्याचा. त्यांनी फोनच तिच्या तोंडाशी धरला होता.